चाळीस वाव

कालिम्नोसला डिसेंबरात पाचालाच काळोख.
बुधवारी मी शाळेची किल्ली पिशवीत टाकून
स्केवोसच्या दुकानामागच्या खोलीत जाते.
दोर, डांबर, पोत्यांत वाळलेले स्पंज,
पाच खुर्च्या; सहावी चाकांची, ती त्याची स्वतःची.

मी मुख्य भूमीवरची. इओआनिना, डोंगर, तळं.
पोहता येत नाही, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.
जुनी भाषा येते, निदान तसा शिक्क्याचा कागद आहे,
म्हणून मी वाचते, आणि ते ऐकतात
पणजोबांच्या फोटोत स्वतःला शोधावं तसे:
हे नाक आपलं, ही हनुवटी बहुतेक आपली,
हा मागे उभा कोण, कुणास ठाऊक.
'समुद्र' हा शब्द तेवढा जसाच्या तसा.
इतक्या वर्षांत त्याला कुणी हात लावला नाही.

नोमिकी ओळीखालून बोट नेते.
थेमेलिना संत्री सोलते, साल एकसंध उतरवते.
स्केवोस माझ्यामागून म्हणून बघतो. लांब ओळ,
एका दमात बसणारी; त्याचा दम आता अर्धाच.
पण मधोमध एक थांबा असतो, पहिल्यापासून आहे तिथे,
त्यावर तो क्षणभर हात टेकतो आणि पुढे जातो.
पुस्तकात त्या थांब्याला नाव आहे.
मी सांगितलं नाही.

तर त्या बुधवारी लढाई रंगात आली होती.
मी दोन ओळी पुढचं पाहिलं आणि घसा सुकला:
कपाळात दगड बसून सारथी रथातून खाली येतो,
आणि मारणारा हसतो. काय सफाई, म्हणतो,
हा तर पाणबुड्या निघाला की!
समुद्रावर असता तर शिंपल्यांचं गावजेवण घातलं असतं.

खोलीत स्केवोस होता,
लिबियाच्या किनाऱ्यापाशी घाईने वर ओढलेला,
कमरेखाली तेव्हापासून परक्याचा.
थेमेलिना होती, जिचा मिकेस चाळीस वावांवरून
हसत वर आला, सिगारेट मागितली,
आणि ती काडी दुसऱ्याच कुणीतरी विझवली.
मी खोकले. पुढच्या ओळीवर उडी मारली.

"बाई, गाळलंत." नोमिकीचं बोट तिथेच.
मग तिनेच वाचलं, अडखळत,
आधी जुन्या भाषेत, मग आजच्या,
मग बेटाच्या बोलीत,
जिच्यात ते फारच खरं वाटलं.

साल तुटली.

स्केवोस म्हणाला, "डोकं आधी?"
हो.
"हात कुठे होते?"
हातांचं लिहिलेलं नाही.
"माझा आजा दगड धरून उतरायचा. सपाट, पांढरा दगड.
दगडच खाली नेतो माणसाला.
ह्यालाही दगडानेच नेलं."
बराच वेळ तो छताकडे बघत राहिला.
"लिहिणाऱ्याने पाहिलंय. होडीतून, वाकून.
स्वतः उतरला नसेल. पण पाहिलंय."
आणि खुर्चीत जरा ताठ बसला,
लग्नाच्या फोटोत कडेला का होईना
आपणही सापडावं, तसा.

थेमेलिनाने एवढंच विचारलं,
"जो हसला त्याचं काय होतं?"
दिवस मावळायच्या आत मरतो, मी म्हटलं.
तिने फोडी वाटल्या. मला दोन जास्त.
"वाईट झालं," म्हणाली. "त्याचीही वाट बघत असेल कुणी."

दिवा मालवताना स्केवोसने मागून हाक दिली.
"बाई, तुम्हाला पोहता येत नाही ना?"
कशावरून?
"उडी मारणारा आधी छाती भरून घेतो.
तुम्ही ओळ गाळलीत ना, तेव्हा
श्वास सोडून उडी मारलीत."